पान उघडताच कर्सर कुठे असावा?

गेल्या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांचा विषय एकच निघाला. वेबपान उघडल्यावर कर्सर आपोआप एखाद्या रकान्यात जाऊन बसतो, किंवा जिथे बसायला हवा तिथे बसत नाही, अशी ती तक्रार आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्या पाच पत्रांना दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत, आशय बदललेला नाही. उत्तरांत ‘फोकस’ हा शब्द वारंवार येईल, त्याचा अर्थ आधी सांगतो. आपण कीबोर्डवर दाबलेली कळ पानावरच्या ज्या घटकाला मिळते, त्या घटकावर त्या क्षणी फोकस आहे असे म्हणतात, आणि रकान्यात लुकलुकणारा कर्सर ही त्याची दिसणारी खूण असते.

प्रश्न : आमच्या सोसायटीचे मेन्टेनन्सचे हिशेब एका वेबसाइटवर आहेत. समितीच्या सभेत मी लॅपटॉप टीव्हीला जोडून लॉगिन करत होते. नाव टाइप केले, टॅब दाबला आणि पासवर्ड टाइप करू लागले. माझी नजर कीबोर्डवर होती. कुणीतरी ‘ताई, थांबा’ म्हणाले म्हणून वर पाहिले, तर पासवर्डचा अर्धा भाग नावाच्या रकान्यात, सगळ्यांना वाचता येईल असा उमटला होता. साइट करून देणारा मुलगा म्हणतो की माझाच हात चुकून माउसपॅडला लागला असेल. खरे काय असावे?
— गृहनिर्माण संस्थेच्या एक सचिव, नौपाडा, ठाणे

उत्तर : सर्वांत आधी तो पासवर्ड बदला, आणि तोच पासवर्ड दुसरीकडे वापरत असाल तर तिथलाही बदला. कारण केवळ सभेतल्या लोकांनी तो वाचला एवढेच नाही. नावाच्या रकान्यात गेलेला मजकूर ब्राउझर पुढच्या वेळी सूचना म्हणून दाखवू शकतो, आणि फसलेल्या लॉगिनमध्ये कोणते नाव टाकले होते याची नोंद बऱ्याच सर्व्हरांवर उघड्या अक्षरांत राहते.

तुमचा हात कुठेही लागलेला नाही. तुम्ही पाठवलेला पत्ता उघडून मी त्या पानाचा कोड पाहिला. लॉगिनच्या पानावर सोसायटीच्या गणेशोत्सवाचे मोठमोठे फोटो आहेत, आणि कोडच्या शेवटी एक ओळ आहे, जिचा मराठीत अर्थ असा : ‘पान पूर्ण लोड झाले की पहिल्या रकान्यावर फोकस द्या.’ इथे ‘पूर्ण लोड’ याचा अर्थ शेवटचा फोटोसुद्धा उतरल्यावर, असा आहे. तुमच्याकडचे नेट त्या दिवशी संथ असणार. दोन्ही रकाने मात्र फोटोंच्या आधीच पडद्यावर आले, तुम्ही नाव लिहून पुढे गेलात, पासवर्डची चार-पाच अक्षरे झाली आणि त्याच वेळी शेवटचा फोटो पोहोचला. ती ओळ चालली, फोकस उचलून परत नावाच्या रकान्यावर गेला, आणि तुमची बोटे जे टाइप करत होती ते तिथे उमटत राहिले. विकसकाच्या स्वतःच्या संगणकावर हे कधीच दिसत नाही, कारण तिथे फोटो आधीपासून साठवलेले असतात आणि पान डोळ्याचे पाते लवायच्या आत पूर्ण होते. म्हणून त्या मुलाने तुमच्यावर अविश्वास दाखवला असावा. त्याला ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटचा वेग मुद्दाम कमी करून, साठवलेल्या फायली बंद ठेवून एकदा लॉगिन करायला सांगा. दोष त्याच्या हातालाच लागेल.

ही जुनी खोड आहे. पूर्वी दुसरा उपायच नव्हता, म्हणून सगळेच स्क्रिप्टने, म्हणजे पानात लिहिलेल्या अशा छोट्या प्रोग्रामने, फोकस देत असत. वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या एचटीएमएल ५ या आवृत्तीत (ती वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेचे अधिकृत मानक २८ ऑक्टोबर २०१४ रोजी झाली) ‘ऑटोफोकस’ हा गुणधर्म आला, आणि रकान्याच्या इनपुट टॅगमध्ये तो एक शब्द लिहिला की फोकस देण्याचे काम ब्राउझरकडे जाते. ब्राउझर ते लवकर करतो, फोटोंची वाट पाहत बसत नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वापरणाऱ्याने तोवर स्वतःहून दुसऱ्या कुठल्या घटकावर फोकस नेला असेल तर मानकानुसार तो आपला आग्रह सोडून देतो. पानाच्या पत्त्यातच हॅश चिन्हानंतर पानावरच्या एखाद्या भागाचे नाव असेल, तरीही तो ऑटोफोकस करत नाही, कारण वाचकाला त्या भागाकडे जायचे आहे हे उघड असते. हीच सभ्यता स्क्रिप्टच्या त्या एका ओळीत नव्हती.

तेव्हा विकसकाला सांगा की ती ओळ काढून टाकावी आणि नावाच्या रकान्याला ऑटोफोकस द्यावा. काही कारणाने स्क्रिप्टनेच करायचे असेल, तर आधी ‘डॉक्युमेंट.ॲक्टिव्हएलिमेंट’, म्हणजे सध्या फोकस कुठे आहे, ते तपासावे. तिथे बॉडी (अख्खे पान) असेल, म्हणजे वापरणाऱ्याने अजून कशालाही हात लावलेला नसेल, तरच फोकस द्यावा. लॉगिनच्या पानावर ऑटोफोकस असण्याला माझा आक्षेप नाही, कारण तिथे येणारा माणूस नाव आणि पासवर्ड टाकायलाच आलेला असतो. एकदा दिलेला फोकस पुन्हा हिसकावून घेण्याला मात्र आहे.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये एका रकान्याला ऑटोफोकस इक्वल्स फॉल्स असे लिहिले, तरी कर्सर तिथेच जातो. रिॲक्टमध्ये फॉल्स दिले की बंद होत होते. ब्राउझरमध्ये बग आहे का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : बग नाही. एचटीएमएलमध्ये ऑटोफोकस हा बुलियन गुणधर्म आहे, म्हणजे तो शब्द टॅगमध्ये आहे की नाही एवढेच ब्राउझर पाहतो. त्याच्यापुढे फॉल्स लिहा, नो लिहा किंवा स्वतःचे नाव लिहा, शब्द आहे म्हणजे तो चालू आहे. बंद करायचा तर शब्दच काढावा लागतो. ‘डिसेबल्ड’ आणि ‘रिक्वायर्ड’ यांचेही तसेच आहे. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीतला ऑटोफोकस ही निराळी वस्तू आहे. तो प्रॉप, म्हणजे घटकाला दिलेले मूल्य, असतो, आणि घटक पानावर आल्यावर रिॲक्ट स्वतः फोकस मेथड (फोकस देणारी आज्ञा) चालवते. तिथे फॉल्सचा अर्थ फॉल्सच होतो, म्हणून तुम्हाला सवय लागली.

जाता जाता तुमच्याच कोडमधली आणखी एक गोष्ट सांगतो : शोधाच्या रकान्याला आणि ईमेलच्या रकान्याला, दोन्हींना ऑटोफोकस दिलेला आहे. एका पानावर तो एकदाच असावा असा नियम आहे. दोन असले तर पानात आधी येणाऱ्याला फोकस मिळतो आणि दुसऱ्याचा शब्द वाया जातो.

प्रश्न : मी पूर्णतः अंध आहे आणि संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) वापरतो. एका सार्वजनिक कार्यालयाचा ऑनलाइन अर्ज मी दोनदा भरला आणि दोन्ही वेळा तो परत आला. शेवटी पुतणीने पान वाचून दाखवले, तेव्हा कळले की अर्जाच्या वर सात सूचना आहेत. नाव आधारवर आहे तसेच लिहावे, फोटो अमुक आकाराचाच जोडावा, वगैरे. मला त्यांतली एकही ऐकू आली नव्हती. पान उघडताच ‘अर्जदाराचे नाव, एडिट’ एवढेच ऐकू यायचे आणि मी लिहायला लागायचो. यात माझे काय चुकते?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : आपल्या पत्राने मला स्वतःची एक जुनी गोष्ट आठवली, ती आधी कबूल करतो. महापे येथील एका कंपनीत असताना मी असाच एक अर्ज बनवला होता. वर सूचना, खाली रकाने, आणि पहिल्या रकान्याला ऑटोफोकस. वापरणाऱ्याचा एक क्लिक वाचवला याचे मला समाधान होते. त्या क्लिकच्या बदल्यात कुणाच्या वाट्याला सूचनाच येणार नाहीत, हे तेव्हा माझ्या मनातही आले नाही, आणि ते लक्षात आणून देणारे पत्र कुणी लिहिले नाही. आपण लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार.

घडते ते असे. स्क्रीन रीडर एरवी पान उघडले की वरपासून वाचू लागतो : शीर्षक, मथळा, परिच्छेद. याला एनव्हीडीएमध्ये ब्राउझ मोड म्हणतात. ऑटोफोकसमुळे फोकस थेट रकान्यात गेला की एनव्हीडीए वाचन थांबवतो, त्या रकान्याचे लेबल बोलतो आणि फोकस मोडमध्ये जातो, म्हणजे यापुढे दाबलेली प्रत्येक कळ रकान्यात अक्षर म्हणून पडते. लेबलाच्या वर काय होते ते तो सांगत नाही, आणि वर काही होते हे कळायला ऐकणाऱ्याकडे मार्गही नसतो. डोळस माणसालाही लहान पडद्यावर हाच फटका बसतो, कारण फोकस मिळालेला रकाना दिसावा म्हणून ब्राउझर पान खाली सरकवतो आणि सूचना वरच्या कडेबाहेर जातात. पण तो बोटाने पान वर ओढून पाहू शकतो, त्याला निदान वर काहीतरी आहे हा अंदाज येतो.

आपल्यापुरता उपाय असा. पान उघडताच थेट ‘एडिट’ ऐकू आले, तर काहीही टाइप करण्याआधी एस्केप दाबावे, म्हणजे एनव्हीडीए ब्राउझ मोडमध्ये परत येईल. मग कंट्रोल आणि होम एकत्र दाबून पानाच्या माथ्यावर जावे आणि तिथून खालच्या दिशेच्या बाणाने वाचत यावे, किंवा एच दाबून मथळ्या-मथळ्याने पुढे सरकावे. मोड हाताने बदलायचा असल्यास एनव्हीडीए कळ (बहुधा इन्सर्ट) आणि स्पेसबार.

परंतु हा भार आपण का वाहावा? दुरुस्ती त्या कार्यालयाने करायची आहे, आणि ती अर्ध्या तासाची आहे. ज्या पानावर आधी वाचायचे आणि मग लिहायचे असते, तिथे ऑटोफोकस नसावाच. ज्या सूचनेचा संबंध एखाद्या विशिष्ट रकान्याशी आहे (फोटोचा आकार, नावाचे लेखन), ती त्या रकान्याजवळ ठेवून ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’ या एचटीएमएल गुणधर्माने त्याला जोडावी, म्हणजे रकान्यावर येताच लेबलामागोमाग तीही ऐकू येते. अर्ज चुकून परत आला, तर ‘चूक झाली’ एवढे लाल अक्षरांत लिहून भागत नाही, कारण लाल रंग ऐकू येत नाही. चुकलेल्या पहिल्या रकान्यावर फोकस न्यावा आणि चूक काय आहे ते त्या रकान्याशी जोडलेल्या मजकुरात सांगावे. या शेवटच्या ठिकाणी फोकस आपोआप हलवणे मला पूर्णपणे रास्त वाटते, कारण वापरणाऱ्याने बटण दाबून उत्तर मागितलेले असते आणि फोकस त्या उत्तरापाशी नेला जातो.

कार्यालयाला लिहाल तेव्हा एक काळजी घ्यावी. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये (तिची २.२ ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२३ रोजी आली), ऑटोफोकसवर सरसकट बंदी नाही. तसे लिहिले तर समोरचा तांत्रिक माणूस पहिल्याच वाक्यात आपले पत्र खोडून काढेल. त्या मार्गदर्शिकेतला निकष २.४.३ असे सांगतो की फोकसचा क्रम अर्थ आणि वापर यांना धरून असावा, आणि सूचना ओलांडून रकान्यात टाकणारे पान त्या निकषाच्या उद्देशाला बाधा आणते, अशी मांडणी करावी. त्याशिवाय दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचे कलम ४२ हे माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेविषयीच आहे, आणि सरकारी वेबसाइटांसाठीची केंद्राची मार्गदर्शिका, जीआयजीडब्ल्यू, २००९ पासून आहे व तिची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. या दोन्हींचा उल्लेख पत्रात असू द्यावा. परत आलेल्या दोन्ही अर्जांच्या तारखा आणि पान उघडताच ऐकू आलेले ते तीन शब्द जसेच्या तसे लिहावेत. त्याहून चांगला पुरावा विकसकाला मिळणार नाही.

प्रश्न : मार्केटमध्ये आमच्या गाळ्यावर पहाटेपासून आवक नोंदवावी लागते. गाडी नंबर, शेतकऱ्याचे नाव, गोणी, वजन. मालकांच्या भाच्याने त्यासाठी वेबपान करून दिले आहे. पान उघडले की कर्सर गाडी नंबरमध्ये असतो, पण एक नोंद सेव्ह केली की कर्सर कुठेच नसतो, दर वेळी माउस धरावा लागतो. दुसरे असे की गाडी नंबर पुरा झाला की कर्सर आपोआप नावावर जावा, अशी मालकांची इच्छा आहे. होईल का?
— कांदा-बटाट्याच्या गाळ्यावरील दिवाणजी, वाशी

उत्तर : पहिली मागणी अगदी योग्य आहे. आपल्यासारख्या कामासाठीच ही सोय खरी कामाची आहे : एकच पान, एकच काम, आणि ते सकाळभर पुन्हा पुन्हा. ग्रंथालयातल्या बारकोड स्कॅनरचेही असेच असते. स्कॅनर संगणकाच्या दृष्टीने कीबोर्डच असतो, तो आकडे टाइप करतो आणि बहुधा शेवटी एंटर मारतो. फोकस रकान्यात नसेल तर पुस्तकाचा आकडा हवेत जातो आणि काउंटरवरच्या माणसाला वाटते की स्कॅनर बिघडला.

तुमच्या पानावर घोटाळा असा आहे की सेव्ह करताना पान नव्याने उघडत नाही, माहिती पाठीमागून सर्व्हरकडे जाते आणि रकाने रिकामे होतात. ऑटोफोकस मात्र पान उघडतानाच एकदा काम करतो. भाच्याला सांगा, की सर्व्हरकडून ‘नोंद झाली’ असा होकार आल्यावर रकाने रिकामे करून लगेच गाडी नंबरच्या रकान्यावर फोकस मेथड चालवावी. होकार येण्याआधी चालवू नये, नाहीतर नोंद पडली नाही आणि तुम्ही पुढची गाडी लिहायला घेतली, असे होईल. नकार आला तर रकाने भरलेलेच ठेवावेत आणि जिथे चूक आहे तिथे कर्सर न्यावा. नवीन शेतकऱ्याचे नाव घालायला जी छोटी खिडकी उघडते, ती डायलॉग टॅगने केलेली असेल तर तिच्यातल्या नावाच्या रकान्याला स्वतंत्र ऑटोफोकस देता येतो. तो खिडकी उघडेल त्या प्रत्येक वेळी काम करतो, आणि खिडकी बंद झाली की ब्राउझर फोकस पुन्हा आधीच्या जागी नेतो.

दुसरी मागणी मालकांना समजावून मागे घ्यायला लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नंबर पुरा झाला हे पान कशावरून ओळखणार? नाशिकची गाडी एमएच १५ ने सुरू होते, पण पुढे मालिकेचे अक्षर एकही असते आणि दोनही असतात, कुणी मध्ये जागा सोडतो, कुणी नाही. समजा ओळखले, तरी तुमच्या हाताचे काय? इतक्या वर्षांच्या सवयीने शेवटचा आकडा लिहिला की तुमची करंगळी टॅबवर जाणारच. कर्सर आधीच आपोआप नावावर गेलेला असेल आणि टॅबने तो आणखी पुढे, गोणीच्या रकान्यात जाईल. नावाचा रकाना रिकामा राहिला तर पान अडवेल, पण गोण्यांच्या जागी वजन आणि वजनाच्या जागी भलताच आकडा पडला, तर दोन्ही आकडेच असल्याने काहीच अडणार नाही, आणि चूक थेट शेतकऱ्याच्या पट्टीत दिसेल. शिवाय मागे जाऊन एक आकडा दुरुस्त केला, की पुन्हा ढकलून पुढे. टॅब तुमच्या हातात आहे तो राहू द्या. फक्त टॅबने रकाने ज्या क्रमाने येतात तो क्रम तुमच्या चिठ्ठीवरच्या क्रमाप्रमाणे लावून घ्या, आणि त्यासाठी टॅबइंडेक्सचे (टॅबचा क्रम ठरवणाऱ्या गुणधर्माचे) आकडे न देता रकानेच कोडमध्ये त्या क्रमाने लिहायला सांगा.

प्रश्न : माझ्या शिकवणीवर्गाच्या नावनोंदणीच्या पानावर ओटीपीसाठी सहा चौकटी आहेत. माझ्या आयफोनवर पहिल्या चौकटीत ऑटोफोकस देऊनही कीबोर्ड उघडत नाही, आणि पालक म्हणतात की ओटीपी कॉपी करून पेस्ट केला तर एकच आकडा येतो.
— शिकवणीवर्गाच्या संचालिका, खारघर

उत्तर : सहा चौकटी काढून सहा आकडे मावणारा एकच रकाना ठेवा. प्रत्येक चौकटीची मर्यादा एका अक्षराची आहे, म्हणून पेस्ट केल्यावर पहिला आकडा आत जातो आणि उरलेले पाच गळतात. त्या एका रकान्याला इनपुटमोड न्यूमेरिक द्या, म्हणजे आकड्यांचा कीबोर्ड येईल, आणि ऑटोकम्प्लीटमध्ये वन-टाइम-कोड लिहा. मग संदेशातला ओटीपी आयफोन कीबोर्डच्या वर स्वतःहून सुचवतो. ही सोय २०१८ च्या आयओएस १२ पासून आहे.

कीबोर्ड न उघडणे हा तुमच्या पानाचा दोष नाही. कुठल्याही पानाने वापरणाऱ्याच्या बोटाशिवाय अर्धा पडदा व्यापू नये, म्हणून आयफोनवरची सफारी पान उघडताना आपोआप मिळालेल्या फोकसवर कीबोर्ड काढत नाही. वाट मात्र आहे. ‘ओटीपी पाठवा’ या बटणाला पालकांचे बोट लागते, तो स्पर्श पुरेसा असतो. तुमचा विकसक सध्या सर्व्हरचे उत्तर आल्यानंतर रकाना दाखवून फोकस देत असणार, आणि तोवर त्या स्पर्शाचा हक्क संपलेला असतो. बटण दाबताच रकाना त्याच क्षणी दाखवून त्याच कोडमध्ये फोकस द्यावा आणि सर्व्हरला विनंती त्यानंतर पाठवावी. कीबोर्ड तयार असेल आणि ओटीपी मागाहून येईल.